हत्ती कुणाच्या नावावर

मैत्रीण मंडळाची भांडी संगणकात घालायची, ही कल्पना चारुशीलाची. तिला ती कुणी सुचवली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष वाटून घ्यायला आसपास कुणीच सापडलं नाही.

पनवेलला लाइन आळीच्या मागे हेतलबेनची इमारत आहे. तिच्या तळमजल्याच्या गाळ्यात मंडळाची भांडी राहतात. हळद असो, वलीमा असो, बारसं असो, टोप, पराती, झारे इथून न्यायचे आणि घासून परत आणायचे, असा रिवाज. शाकाहारी भांड्यांच्या बुडाला हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका, मांसाहारी भांड्यांच्या बुडाला लाल. (हिरवं नेलपॉलिश हेतलबेनच्या धाकट्या जावेचं. ते तिने लावायला म्हणून आणलं होतं हे तिचं दुर्दैव.) या सगळ्या भांड्यांत थोरला म्हणजे तांब्याचा एक प्रचंड टोप. त्याला सगळे हत्ती म्हणतात. त्याला उचलायला चार माणसं लागतात आणि कसा उचलायचा ते सांगायला आठ. हत्तीत मटण शिजलं नाही तर जासईकडच्या गावांत हळद लागली असं कुणी धरत नाही, आणि मोहल्ल्यातले आचारी वलीम्याच्या, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणाच्या, बिर्याणीला हत्ती दिसल्याशिवाय बाह्या सरसावत नाहीत. हत्तीचा ठिपका अर्थातच लाल.

गाळ्यावर सकाळी गोदूताई बसायच्या आणि संध्याकाळी मुबीनाभाभी. दोघींची मैत्री जुनी. गोदूताईंच्या मिठागराच्या जमिनी गेल्या आणि त्या शहरात राहायला आल्या, तेव्हा शेजारी पहिला डबा मुबीनाभाभींचा आला होता. त्यात बोंबील होते. गोदूताई आजही सांगतात, "त्या दिवशी वाटलं, चला, हितं आपलं मानूस हाय."

चारुशीला संगणक शिकली ती मुलीने टाकून दिलेल्या जुन्या पुस्तकांवरून आणि यूट्यूबवरच्या एका गृहस्थाकडून. हा गृहस्थ दर वाक्याला "बहुत ही सिंपल है दोस्तों" म्हणायचा, आणि त्यानंतर येणारं काहीही कधी सिंपल नसायचं. तरीही मंडळाला देणगीत मिळालेला संगणक आधी घरी आणून तिने त्यावर प्रोग्रॅम लिहिला. पुस्तक जुनं, म्हणून प्रोग्रॅमही जुन्या वळणाचा. पण चालायचा. तारीख घाला, भांडं निवडा, नाव घाला, बटण दाबा. चालतंय का हे बघायला तिने एक खोटी नोंद केली. त्या क्षणी समोर नवरा पेपर वाचत बसलेला होता, म्हणून नाव घातलं विनायकराव, कारण घातलं एकसष्टी आणि भांडं घातलं हत्ती. मग ती नोंद काढायची राहून गेली. अशा नोंदी जगात नेहमी राहूनच जातात.

त्या नोंदीच्याही आधीचा प्रश्न होता, ही सगळी माहिती ज्या एका फाइलीत साठते ती ठेवायची कुठे. विनायकरावांनी एकदा "जरा आवरतो" म्हणून घरचा संगणक आवरला होता आणि त्यात मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो आवरले गेले होते. तेव्हापासून चारुशीलाचा माणसांवर विश्वास होता, पण माणसांच्या बोटांवर नव्हता. तिने ती फाइल संगणकाच्या सगळ्यांत कडेकोट फोल्डरमध्ये ठेवली. घरात सोनं जसं कपाटाच्या आतल्या लॉकरमध्ये ठेवतात, तसं. तिथे लिहायची, पुसायची मुभा साध्या माणसाला नसते. बघायची तेवढी असते. हे तिला ठाऊक होतं आणि ठाऊक असल्याचा थोडा अभिमानही होता. साध्या माणसाला लिहायची मुभा नसेल, तर गोदूताई नोंद कशी लिहिणार, हा प्रश्न तिला पडला नाही. पडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

संगणक गाळ्यात आला आणि नोंदी सुरू व्हायच्या आधीच आणखी एक भानगड झाली, नातवंडांची. मंडळाच्या संगणकावर गोदूताईंनी सकाळी आपल्या नातवाचा फोटो लावला. संध्याकाळी मुबीनाभाभींनी तो काढून आपल्या नातीचा, तूबाचा लावला. सकाळी पुन्हा नातू, संध्याकाळी पुन्हा तूबा. कुणीच कुणाला बोललं नाही, पण फोटो दर वेळी आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. शेवटी तूबाचं नुसतं नाकच पडदाभर दिसायला लागलं, तेव्हा चारुशीलाने शांततेसाठी दोघींना वेगवेगळी लॉगिन करून दिली. तुमचा पासवर्ड तुमचा, तुमचं नातवंड तुमचं. तिला वाटलं आपण किती समजूतदार. वाटलं ते वाटलं.

पावसाळाभर फारसं काही घडलं नाही. चातुर्मासात कोण हत्ती नेतो? पण गाळ्यात एक बारीक कुजबूज सुरू झाली. गोदूताईंना सकाळी संगणकात फक्त आपल्या नोंदी दिसायच्या. संध्याकाळची एकही नाही. रॅकवरची भांडी मात्र कमी असायची. मुबीनाभाभींना संध्याकाळी फक्त त्यांच्याच नोंदी दिसायच्या. सकाळची एकही नाही, आणि भांडी कमी.

"मुबीनाभाभी नोंदी करत नाय वाटतं," गोदूताई चारुशीलाला हळूच म्हणाल्या. "नातेवाइकांना तशीच देत असंल भांडी. मी नाय बोलत. मला काय."

"गोदूताई आजकाल थकल्यात," मुबीनाभाभी म्हणाल्या. "नोंद करायला विसरतात. जाऊ दे, बुजुर्ग आहेत. मी काही बोलत नाही."

चारुशीला आपल्या लॉगिनवरून अधूनमधून बघायची, तर तिला दोघींच्याही नोंदी दिसायच्या नाहीत. फक्त विनायकरावांची एकसष्टी. तिने मनाशी ठरवलं, दोघीही प्रोग्रॅम वापरतच नाहीत. तोंडदेखलं छान छान म्हणतात. तिच्या काळजाला घरं पडली. पण ती काही बोलली नाही. असा तिघींनी मिळून पावसाळा एकमेकींना न बोलून काढला.

तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. एका गुरुवारी दुपारी गोदूताई उठायच्या आणि मुबीनाभाभी बसायच्या वेळेला दोन माणसं एकदमच गाळ्यात आली. एक बुधाजी, गोदूताईंचा चुलतभाऊ. त्याच्या मुलाची, हृतिकची हळद रविवारी. दुसरे नियाजभाई, मुबीनाभाभींचे दीर. त्यांच्या अदीबचा वलीमा रविवारी. दोघेही हत्ती पक्का करायला आले होते.

मुबीनाभाभींनी लॉगिन केलं. पडद्यावर आधी तूबा आली, मग नोंद आली. रविवार, हत्ती, अदीबचा वलीमा.

"उठा जरा," गोदूताई म्हणाल्या. "मी दावते." त्यांनी लॉगिन केलं. नातू आला, मग नोंद आली. रविवार, हत्ती, हृतिकची हळद. वलीम्याचं नावनिशाण नाही.

रॅकवरचा एक झारा आपोआप किणकिणला.

"माझी नोंद पुसली?" मुबीनाभाभी म्हणाल्या.

"तुमची होतीच कवा? हितं माजी हाय."

"आत्ताच होती. सगळ्यांनी पाहिली."

"तुमच्या पासवर्डात तुमी काय पन लिवून ठेवाल. ते काय खरं?"

"आणि तुमच्या पासवर्डातलं खरं?"

बुधाजीने आणि नियाजभाईंनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही बाहेर जाऊन पान खायला उभे राहिले आणि खरं तर त्याच वेळी त्यांनी हा प्रश्न सोडवला असता. पण बायकांच्या मंडळात आपण पडू नये, एवढं शहाणपण दोघांना लग्नाने शिकवलं होतं.

चारुशीलाला बोलावणं गेलं. ती पोळ्या टाकून आली. अध्यक्षा म्हणून हेतलबेन वरून उतरल्या. आणि ज्यांना कुणीच बोलावलं नव्हतं ते कमळाकरकाकाही आले. काका एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर ते कचेरी बरोबर घेऊनच फिरायचे.

"दोन पुस्तकं," काका खुर्ची ओढत म्हणाले. "एक दाखवायचं, एक लपवायचं. आमच्याकडे अशा प्रकरणात थेट चौकशी लागायची. बरं, मूळ कुणाकडे आहे? मूळ बघा."

मूळ बघायचं म्हणजे चारुशीलाच्या लॉगिनने. तिने ते केलं. सगळे पडद्यावर वाकले. रविवारी हत्ती कुणाच्याच नावावर नव्हता. अख्ख्या वर्षात एकच नोंद होती. हत्ती, श्री. विनायकराव, एकसष्टी.

हेतलबेनने चष्मा वर केला. "चारूबेन, आ शुं?"

"ती नुसती तपासायला..." चारुशीला म्हणाली.

"असं असं," काका म्हणाले. या 'असं असं'मध्ये एक संपूर्ण निकालपत्र होतं.

म्हणजे आता असं ठरलं की चारुशीलाने मंडळाच्या सगळ्या नोंदी उडवून नवऱ्याच्या एकसष्टीसाठी हत्ती धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कांद्याचं असावं असं तिने सगळ्यांना भासवलं. पोळ्या टाकून आलेली बाई कांद्याचा आधार कुठेही घेऊ शकते.

घरी विनायकरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तू माझी एकसष्टी करणार होतीस?" त्यांचा आवाज भरून आला होता. अशा माणसाला काय सांगणार.

खरा घोर मात्र वेगळाच होता. हत्ती एकाला मिळेल, दुसऱ्याला कुठून तरी भाड्याचं काहीतरी मिळेल, लग्नं काही अडत नाहीत. पण गोदूताई जाताना मुबीनाभाभींच्या दारावरून न थांबता पुढे गेल्या, हे चारुशीलाने पाहिलं होतं. रोज त्या तिथे थांबून काहीतरी चघळायला घ्यायच्या. इतक्या वर्षांची मैत्री, आणि तिच्या एका प्रोग्रॅमने ती बोंबलाच्या डब्यासकट बुडवली. रविवारी दोन घरं एकमेकांकडे गेली नाहीत, तर पुढे कधीच जाणार नाहीत. आणि दोघींपैकी एक खोटं बोलतेय, असं तिला कितीही प्रयत्न केला तरी मानता येईना.

शुक्रवारी सकाळी ती गाळ्यावर गेली, तर संगणकावर फुलांचा हार आणि दोरा. हार शुभशकुनासाठी, दोरा सीलसाठी. हेतलबेनचं म्हणणं, ठराव झाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. संगणक देणगीत आलेला, देणाऱ्यांचा फोटो अजून त्याच्या डोक्यावर चिकटवलेला. उद्या काही बिघडलं तर? ठरावावर सचिव आणि खजिनदार दोघींच्या सह्या हव्यात. सचिव गोदूताई, खजिनदार मुबीनाभाभी.

"ती असंल तिथं मी येनार नाय," गोदूताई फोनवर म्हणाल्या.

"त्यांना आधी करू दे, मी नंतर येते," मुबीनाभाभी म्हणाल्या. "नंतर म्हणजे त्या गेल्यावर. त्या दिसल्या नाही पाहिजेत."

अशा रीतीने मंडळाची तातडीची सभा भरली, जिच्यात एका वेळी एकच सभासद असायची. गोदूताई पुढच्या दाराने सही करून गेल्या, मुबीनाभाभी मागच्या दाराने आल्या. त्यांनी सही केली आणि गोदूताईंची सही वाकडी आहे एवढं फक्त म्हणून गेल्या. काकांनी ठरावाचा मसुदा दुरुस्त केला, त्यात 'सदरहू' तीन ठिकाणी घातलं, आणि चारुशीलाला सल्ला दिला, "व्हायरस असेल. तळोज्याकडे पावडरच्या कारखान्याशेजारी माझ्या साडूचं घर आहे, तिथे तर कॉम्प्युटर टिकतच नाही. हवेतूनच येतं."

दोरा सुटला. चारुशीला एकटी संगणकासमोर बसली. तिने यूट्यूबवरच्या गृहस्थाला लावलं आणि "बहुत ही सिंपल" म्हणताच बंद केलं. मग तिने स्वतःच विचार केला. नोंद केली तर ती कुठेतरी लिहिली जातेच. वाफ होऊन उडून जात नाही. मग ती जाते कुठे? तिने संगणकालाच विचारलं, या नावाची फाइल तुझ्याकडे कुठे कुठे आहे, सगळ्या दाखव.

संगणक शोधत बसला. ती वाट बघत बसली. समोर हत्ती आपला गप्प उभा.

मग फाइल सापडली. एकाच नावाच्या चार सापडल्या. एक तिने ठेवलेली, कडेकोट फोल्डरमध्ये, अजिबात न बदललेली. एक गोदूताईंच्या खासगी कप्प्यात. एक मुबीनाभाभींच्या खासगी कप्प्यात. आणि एक तिच्या स्वतःच्या.

ती कितीतरी वेळ त्या चार ओळींकडे बघत राहिली. हळूहळू उलगडा झाला. मग तिने इंटरनेटवर शोधून खात्री केली. कडेकोट फोल्डरमध्ये लिहायची मुभा गोदूताईंना नव्हती. खरं म्हणजे संगणकाने त्यांना तसं तोंडावर सांगायला हवं होतं. बाई, इथे लिहायचं नाही. पण जुन्या वळणाच्या प्रोग्रॅमशी संगणक फार भिडस्तपणे वागतो. तो नाही म्हणत नाही. हो हो म्हणतो, त्या फाइलीची एक नक्कल काढतो, ती त्या माणसाच्या कप्प्यात गुपचूप ठेवतो आणि त्यातच लिहून घेतो. पुढे त्या माणसाला कायम तीच नक्कल दाखवतो. माणूस खूश. दुसरा माणूस आला की त्याला त्याची वेगळी. तोही खूश. कुणालाच नाही म्हटलं नाही, कुणालाच खरं सांगितलं नाही.

चारुशीलाला एकदम हसायला आलं. संपूर्ण पावसाळाभर या गाळ्यात चार जण मनात ठेवून वरवर गोड वागत होते, आणि त्यातला चौथा संगणक होता. इतका तो मंडळात मिसळून गेला होता.

आणि मग तिला रडायलाही आलं, या वेळी कांदा कुठेच नव्हता. कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी काही पुसलं नव्हतं. कुणी नातेवाइकांना चोरून परात दिली नव्हती. छातीवरून कुणीतरी हत्ती उचलावा तसं तिला वाटलं.

तिने दोघींना फोन केला. दोघींनाही एकच सांगितलं, "दुसरी नाहीये, या." आयुष्यात एवढं खोटं तिला माफ असावं.

दोघी दोन दारांनी आत आल्या, एकमेकींना बघून थबकल्या. चारुशीलाने दार लावलं आणि त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. लॉकर, मुभा, नक्कल. दोन्ही याद्या शेजारी शेजारी उघडून दाखवल्या. गोदूताईंच्या पावसाळ्यातल्या सगळ्या सकाळी त्यात होत्या. मुबीनाभाभींच्या सगळ्या संध्याकाळी त्यात होत्या.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "लिहायची मुभाच दिली नव्हती मी तुम्हाला. आणि लॉगिन वेगळी करून दिली."

गोदूताई मुबीनाभाभींची यादी बोटाने वाचत होत्या. "ही नागपंचमीची परात... ही तुमी लिवलेली?"

"लिहिली तर. आणि तुम्ही ही बारशाची लिहिलीत? मला वाटलं होतं तुम्ही..."

"मला बी वाटलं होतं तुमी."

मग मुबीनाभाभी म्हणाल्या, "वलीमा दुपारचा आहे."

"हळद रातची हाय," गोदूताई म्हणाल्या.

"तीनला हत्तीची देग रिकामी होते."

"मला पाचला लागतंय. बुधाजीचा टेम्पो मोहल्ल्यातनं उचलून नेईल. जासईकडं कंटेनरची रांग असंल, त्याचा पोरगा मागल्या रस्त्यानं काढील."

"मी घासून ठेवते."

"तुमी पावन्यांचं बगा. मी येते घासायला. बिर्यानी खाऊन."

हे एवढं बोलायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काकांचा एक 'सदरहू' लिहून झाला नसता. चारुशीला नुसती बघत राहिली. तिचा प्रोग्रॅम नसता तर हा प्रश्न पडलाच नसता, हे तिला कळत होतं, पण त्या क्षणी ते कळण्याने काही दुखलं नाही.

तिने फाइल लॉकरमधून काढून सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली, दोघींना लिहायची मुभा दिली, आणि चारही फाइलींतल्या नोंदी एकत्र केल्या. पहिल्यांदाच सगळं वर्ष एका जागी दिसलं. ते दाखवायला हेतलबेन आणि काकांना बोलावलं. काकांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, मूळ बघा." मग यादीच्या तळाशी त्यांचं बोट थांबलं. "ही एकसष्टी तेवढी राहिलीच की."

चारुशीलाने ती पुसायला हात पुढे केला.

"रेवा दो, राहू दे, चारूबेन," हेतलबेन म्हणाल्या. "हवे तो मंडळात बधाने खबर छे, सगळ्यांना कळलं. माणूस एकसष्ट होणारच ने."

विनायकरावांनी त्याच संध्याकाळी मुलीला फोन करून तारीख सांगून टाकली. त्यामुळे तो विषयही तिच्या हातात राहिला नाही. फक्त जेवण शाकाहारी की मांसाहारी, यावर घरात अजून एकमत नाही, आणि तोपर्यंत ठिपका कोणता हे ठरत नाही.

रविवारी दुपारी मोहल्ल्यात गोदूताई पदर खोचून हत्तीच्या आत अर्ध्या उतरल्या होत्या आणि बाहेरून मुबीनाभाभी राख आणि चिंच देत होत्या. आतून गोदूताईंचा आवाज घुमत होता, "बिर्यानीत मीठ जरा कमी होतं."

"तुम्ही तीन वेळा घेतलीत तेव्हा नाही कळलं?"

टेम्पो आला. हत्तीला उचलायला चार माणसं लागली, सल्ला द्यायला सगळा मोहल्ला. टेम्पो हलायच्या आधी तूबा आणि गोदूताईंचा नातू दोघंही कुठून तरी धावत आले आणि त्या घासलेल्या, तांबूस चकाकणाऱ्या हत्तीत चढून बसले. निघता निघेनात. चारुशीलाने मोबाइलवर फोटो काढला.

सोमवारी सकाळी गोदूताईंनी संगणक लावला, तर दोन लॉगिन नव्हतीच. एकच होतं. आणि पडद्यावर हत्ती, त्याच्या काठावर दोन डोकी. गोदूताईंनी जरा वेळ बघितलं, मग चारुशीलाला फोन केला.

"सगलं झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "फक्त आमचा नातू जरा बारीक दिसतो. तो मोठा करता येतोय काय, तेवढं बगा. तूबा हाय तेवढीच रावू दे."